काशिनाथच्या नावाची मूठ

"काशिनाथ!" लोटूकाकांनी खणखणीत आवाजात नाव घेतलं आणि ताराबाईंनी सव्वा मूठ गहू वेताच्या डालीत टाकलेसुद्धा.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं.

लोटूकाकांनी जीभ चावली, टोपी काढली, पुन्हा घातली. थोरली सून सविता हळदीकुंकवाचं ताट धरून तशीच उभी राहिली. ताराबाईंचा हात अजून डालीवरच होता, बोटांना गव्हाचा भुसा लागलेला. श्रावणात कानबाई देवी घरात बसायच्या आधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्यांचे रविवारी नैवेद्याचे रोट करायचे आणि ते फक्त घरच्यांनीच खायचे, हा या घराचा रिवाज. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून नावं घ्यायचे काशिनाथरावांचे धाकटे भाऊ लोटूकाका, आणि मूठ टाकायच्या ताराबाई. सुरुवात नेहमीच घरातल्या थोरल्यापासून. काशिनाथरावांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या वर्षी दुःख म्हणून कानबाई बसलीच नव्हती, तेव्हा त्यांच्या पश्चात ही पहिली मोजणी. काकांची जीभ आणि ताराबाईंचा हात, दोघांनीही आपापली सवय पाळली होती.

"काढून घ्या ना काका," श्रीकांत म्हणाला. घर त्याचं, बुऱ्हाणपुरातलं, खाली कापडाचे लूम आणि वर राहणं. थोरला मुलगा म्हणून कानबाई आता त्याच्याकडे आली होती आणि पहिल्याच वर्षी काही चुकू नये याची त्याला सकाळपासून धास्ती होती. "ऊपर ऊपरचेच तर आहेत."

"काढून घ्या म्हने! कानबाईच्या डालीत पडलेला दाना मांघं येत नाई, बापा."

"मग त्या रोटाचं करायचं काय?"

"गाईला घालू," सविता म्हणाली.

"रोट घराबाहेर जात नाई, सूनबाई. जसोंडीहून मी हेच सांगाले येतो का दर वर्षी?"

धाकटा योगेंद्र भिंतीला टेकून बसला होता. वडिलांचं नाव असं अचानक, जिवंत माणसाला हाक मारावी तसं ऐकून त्यानं क्षणभर दाराकडे पाहिलं होतं. ते कुणी पाहिलं नाही हे बरं झालं. नाही म्हणायला त्याच्या बायकोनं, प्रतिभानं पाहिलं. पण तिच्या नजरेतून तसंही काही सुटत नसे.

"अरे, त्यात काय एवढं?" श्रीकांतला तोड सापडली तसा त्याचा चेहरा खुलला. "कारखान्यात अण्णांच्या खुर्चीवर कोण बसतं? योगेंद्र. अण्णांच्या क्वार्टरमध्ये कोण राहतं? योगेंद्र. मग अण्णांचा रोटपण योगेंद्रच्या ताटात. मामला खतम!"

काकांनी मांडीवर थाप मारली. "वा रे श्रीकांत! शहाना झाला रे तू!"

सगळे हसले. योगेंद्रला हसता येईना.

बोलायचं त्यानं सोमवारी ठरवलं होतं. कानबाई तापीत शिरवून विसर्जन झालं की घरी येऊन, चहा घेता घेता, सावकाश. धूलकोटच्या शाळेचे मुख्याध्यापक कौतिक सर यांनाही त्यानं सोमवारचाच शब्द दिला होता. पण देवीच्या नावाचा रोट वडिलांच्या खुर्चीचा वारस म्हणून खायचा आणि दुसऱ्या दिवशी ती खुर्ची सोडतो म्हणून सांगायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. तो फार धार्मिक होता अशातला भाग नाही. पण कानबाईशी खोटं बोलायची छाती या घरात कुणाचीच नव्हती.

"भाऊ, तो रोट मला नको वाढू," तो म्हणाला. "मी कारखाना सोडतोय."

श्रीकांतचं हसू ओठावरच राहिलं. "मतलब?"

"धूलकोटच्या शाळेत जागा आहे. गणित शिकवायला. बीएड करून ठेवलंय, ते तुला माहीतच आहे."

"मास्तर?" काकांनी डोळे बारीक केले. "या वयात? केस पिकाले लागले तुहे, योगू!"

"मास्तरांचे पिकलेलेच बरे दिसतात, काका."

"मजाक सोड," श्रीकांत म्हणाला. "पक्की नोकरी, पंखा, खुर्ची, टेबल. सोडून त्या धूलकोटला पोरं हाकायला जाणार? लोक दिमाग खराब झालं म्हणतील. प्रतिभा, तू काही बोलली नाहीस याला?"

"बोलले ना," प्रतिभा म्हणाली. "म्हटलं, चार वर्षं झाली नुसतं बोलताय, आता एकदाचं करून टाका."

हे श्रीकांतला अनपेक्षित होतं. त्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. सविता ताटातलं कुंकू नीट करण्यात अगदी गुंग झाली होती. आपल्या लेकाला दहावीचं गणित योगेंद्रकाकानंच पार करून दिलं, हे ती विसरली नव्हती आणि नवऱ्यासमोर बोलूनही दाखवणार नव्हती.

"ठीक आहे. तुमचं तुम्ही पाहा," श्रीकांतचा आवाज चढला. "पण नोकरी गेली की क्वार्टर गेलं. आईचं काय? सगळा जन्म त्या घरात गेला तिचा. तिला विचारलंस?"

नाही विचारलं. तेच तर एक विचारायचं राहिलं होतं. योगेंद्रनं आईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

ताराबाईंनी पदर सारखा केला आणि हात पुन्हा गव्हात घातला.

"लोटूभाऊजी, पुढचं नाव घ्या."

काकांनी घसा खाकरला. "लोटू!" त्यांनी स्वतःचंच नाव घेतलं, जरा चोरट्यासारखं. मग श्रीकांत, मग योगेंद्र, मग नातू. मुठी पडत गेल्या आणि दोन मुठींच्या मध्ये दोघे भाऊ एकमेकांना हळू आवाजात सुनावत राहिले. काकाही मध्येच एक नाव घेत आणि लगेच "पगार तरी किती देतीन रे?" असं विचारून घेत. कानबाईचे गहू इतक्या भांडणात या घरात कधी मोजले गेले नव्हते.

शनिवारी सकाळी ताराबाईंना आठवलं, की देवीची नथ क्वार्टरमधल्या कपाटातच राहिली. सविता दुसरी नथ द्यायला निघाली, पण त्यांनी ऐकलं नाही. योगेंद्रला म्हणाल्या, "चाल माह्यासंगं."

बसमध्ये दोघंही बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा मागे पडत होत्या. कॉलनीच्या फाट्यावर उतरले तेव्हा वाऱ्याबरोबर तो ओळखीचा वास आला, भिजलेल्या कागदाच्या लगद्याचा, थोडा आंबूस. पाहुणे नाक मुरडायचे आणि कॉलनीतली पोरं विचारायची, "कसला वास?" योगेंद्रलाही तो आज कितीतरी दिवसांनी जाणवला. सोडून जायचं म्हटल्याबरोबर तिथलं सगळंच आवडायला लागलं होतं. माणसाची ही जुनीच खोड आहे, त्यानं स्वतःला बजावलं, पण आवडायचं काही थांबेना.

रस्त्याच्या कडेला एका रांगेत क्वार्टरं. निम्म्यांना कुलपं. इथे भुसावळचे पाटील राहत, त्यांच्याकडे कॉलनीतला पहिला टीव्ही. तिथे अकोल्याच्या काकू, उन्हाळ्यात त्यांच्या पापडाच्या लाट्या चोरून खायच्या. समोरचं मैदान, तिथे गणपतीत पांढरा पडदा लागायचा आणि अर्धी कॉलनी पडद्याच्या उलट्या बाजूनं सिनेमा पाहायची. सगळे महाराष्ट्रातून इकडे मध्य प्रदेशात आलेले, सगळे दोन वर्षांत परत जाऊ म्हणणारे, आणि सगळ्यांची पोरं इथेच हिंदी बोलत मोठी झालेली. रविवारच्या पाळीला अण्णा त्याला टाइम ऑफिसात घेऊन जात. टेबलावर बसवत. कामगार आत शिरताना त्यालाच सलाम ठोकत, "साहब, हमारी हाजरी लगाओ!" आणि तो अण्णांची लाल पेन्सिल कानावर लावून मान हलवायचा. साऱ्या जगात याच्यापेक्षा मोठं काम नाही, अशी तेव्हा त्याची खात्री होती.

आता त्या टेबलापाशी तोच बसत होता. हजेरी अंगठ्याच्या मशीनवर लागत होती. मशीन अडलं तर ते बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. मागच्या उन्हाळ्यात कौतिक सरांचे गणिताचे शिक्षक आजारी पडले म्हणून तो रजा टाकून थोडे दिवस धूलकोटला जाऊन आला. भागाकार चालला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीला तो जमला, आणि घंटा झाली तरी ती जागची उठेना. शेजारणीची पाटी ओढून तिला सांगत बसली, "ऐसा नहीं रे, पहले कितने में जाता है वो देख." योगेंद्र दारात उभा राहून ऐकत होता. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्याला असं काही झालं नव्हतं. घरी येताना बसमध्ये तो एकटाच हसत होता आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसला होता.

ताराबाईंनी कुलूप काढलं. कपाट उघडून नथ काढली, रुमालात बांधली. मग लगेच न निघता खाटेवर टेकल्या.

"आई," तो म्हणाला, "तुला आधी विचारायला पाहिजे होतं."

"मले नाई सोडायचं हे घर."

त्यांनी खाटेच्या कडेवरून हात फिरवला.

"याच दारातून आत आली मी. तुम्ही दोघं याच घरात रांगले. तुह्ये अण्णा याच खाटीवर गेले. मी सुखानं सोडीन असं माह्या तोंडून वदवून घेऊ नको. मी रडीन. चांगली रडीन."

"मग नाही जात मी. सांगतो कौतिक सरांना."

"हे पहाय!" ताराबाई एकदम कडाडल्या. "तुह्या मायच्या नावानं घरी बसला असं करू नको. उद्या तूही मले बोल लावशीन अन् मीही तुले. तुले एक गोष्ट सांगू? अण्णा रिटायर झाले ना, तवा भोंगा झाला का उठून बसत. आंघोळ करत, शर्ट घालत. अन् मंग इथी, दारात, उभे राहत. कुठी जायचं तेच समजे नाई. सबन जिंदगी लोकायचं येनं-जानं लिहिलं त्या मानसानं. मी चुलीपासून पहायची त्यायचं तोंड. तसं तोंड मले या घरात पुन्हा पहायचं नाई."

योगेंद्रला हे माहीत नव्हतं. तेव्हा तो कामावर निघायच्या घाईत असायचा. अण्णा दारात उभे असतात ते आपल्याला निरोप द्यायला, असं त्याला वाटायचं.

"अन् तू धूलकोटहून यायचा," ताराबाई पुढे म्हणाल्या, आवाज आता मऊ झाला होता, "तवा जेवताना बोलायचा. ते पोरगी असं म्हने, तो पोरगा तसं म्हने. भाकर ताटात थंडी होऊन जाय. एरवी तू जेवताना बोलतो का? प्रतिभाले विचार."

तो आईशेजारी खाटेवर बसला.

"धूलकोटला पुढची खोली तुला देऊ," तो म्हणाला. "सकाळचं ऊन येईल अशीच पाहतो. तुझी खाट, तुझं कपाट, सगळं जसंच्या तसं नेऊ."

ताराबाई उठल्या, मोरीचा नळ नीट बंद आहे का पाहिला आणि कुलूप घेऊन बाहेर आल्या. त्यांचं गप्प राहणं योगेंद्रनं होकारातच मोजलं.

रविवारी कानबाई बसली. केळीचे खांब, लाल वस्त्र, नारळावर रेखलेला देवीचा चेहरा आणि नाकात ती नथ. स्वयंपाकघरातून रोटांचा, खिरीचा आणि गंगाफळ-भोपळ्याच्या भाजीचा वास येऊ लागला. पानं मांडली, आणि श्रीकांत दिसेना.

"रुसला," काका म्हणाले. "मनात कडू धरून रोट खायचा नसतो, म्हनून वर जाऊन बसला. जाय योगू. तूच जाय."

श्रीकांत गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. सणामुळे त्याचे लूम बंद होते, पण गल्लीतल्या बाकीच्यांची खटखट चालू होती.

"चल भाऊ. सगळे थांबलेत."

"तुला मी तुझ्या वाटेत आडवा येतोय असं वाटतं ना?"

"वाटतं," योगेंद्र म्हणाला.

श्रीकांतनं खालच्या मजल्याकडे बोट केलं. "इथे घर घेतलं तेव्हा पुढची खोली आईसाठी बांधली. आठवतं? आली का ती? महिनाभर राहिली अन् परत गेली. लोक विचारतात, थोरला असून आई तुमच्याकडे का नाही? मी सांगतो, अरे तिला क्वार्टर सोडवत नाही. इतकी वर्षं हेच सांगतोय. सवितालापण हेच. खुदलापण हेच." त्यानं नाक ओढलं. "आता क्वार्टरच नाही म्हटल्यावर? ती तुझ्याबरोबर धूलकोटला जाणार. मग मी लोकांना काय सांगू, योगेंद्र?"

योगेंद्रला वाटायचं, भाऊला नोकरीची, नावाची, लोकांची काळजी आहे. त्यानं काल रात्रीपर्यंत मनात जुळवून ठेवलेली सगळी उत्तरं त्या काळजीला होती. त्यानं फक्त भावाच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी मार खाऊन आल्यावर श्रीकांत त्याच्या खांद्यावर ठेवायचा, तसा.

जिन्यात पावलं वाजली. ताराबाई वर येत होत्या, गुडघ्यावर हात ठेवत. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. "चला दोघं," एवढंच म्हणाल्या.

खाली आल्यावर त्यांनी स्वतः वाढायला घेतलं. काशिनाथरावांच्या नावाचा रोट वेगळा ठेवला होता. काका त्याकडे अपराध्यासारखे बघत होते. ताराबाईंनी तो मोडला आणि प्रत्येकाच्या पानात एकेक तुकडा ठेवला. काकांच्या, दोन्ही मुलांच्या, नातवंडांच्या. मग सुनांना हाक मारून त्यांच्या हातावर दिला आणि उरलेला स्वतःच्या तोंडात टाकला.

"घरधन्याचा घास हाय," त्या म्हणाल्या. "एकट्याचा कसा राहीन?"

काकांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. "मास्तर तर मास्तर," ते तोंड भरलेलं असतानाच म्हणाले. "काशिनाथदादाले मास्तर लोकायचा लई मान होता." शुक्रवारी तेच सगळ्यात जास्त विरोधात होते, हे कुणी त्यांना आठवून दिलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. देवी सविताच्या डोक्यावर. ढोल वाजत होता. गल्लीगल्लीतून बाया येऊन पाया पडत होत्या, मध्येच फुगड्या धरत होत्या. प्रतिभानं जावेला थोडा वेळ आराम द्यायला देवी आपल्या डोक्यावर घेतली. तापी गढूळ आणि भरलेली होती. घाटावर आरती झाली, पाण्यात उभं राहून काकांनी देवी शिरवली आणि सगळ्यांच्या अंगावर ओंजळीनं पाणी उडवलं.

ताराबाई पायरीवर बसून लुगड्याचा ओला काठ पिळत होत्या. योगेंद्र त्यांच्या एका बाजूला होता, श्रीकांत दुसऱ्या.

"श्रीकांत," त्या म्हणाल्या, "तुह्या घरची पुढची खोली रिकामी हाय ना?"

"आहे ना. का?"

"कपडे वाळू घालून ठेवले हायेत तिच्यात सवितानं. ते काढाले सांग. मी येते राहाले."

श्रीकांत आईकडे बघतच राहिला. "दिवाळीला?"

"दिवाळीले नाई रे बापा. राहाले. क्वार्टर सुटलं का कायमची."

श्रीकांतनं तोंड फिरवलं. मग उगाच ढोलवाल्यावर ओरडला, "अरे, बजाव ना! खतम झालं का?" आणि ओल्या पायऱ्यांवरून जवळजवळ पळतच सविताकडे गेला.

योगेंद्रला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "आई, मी पुढची खोली..."

"सुट्टीत येईन की तुह्याकडं," ताराबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "पाहुनी म्हनून. शाळा दाखवशीन मले."

पाहुणी. जन्मल्यापासून आईशिवायच्या घरात तो राहिलाच नव्हता. नोकरी तिच्या सोबतीनं केली, लग्न झालं तेही त्याच घरात, लेक झाली, ती शिकायला इंदूरला गेली तेव्हा रिकामी झालेली तिची जागा आईनंच भरून काढली. पाहिजे होतं ते सगळं त्याला मिळालं होतं. कुणीही आता आडवं नव्हतं. आणि त्याला तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखं रडावंसं वाटत होतं. रडणार आई होती ना, मग हे काय, असंही त्याच्या मनात आलं.

खिशातला फोन वाजला. कौतिक सर.

"येतोय सर," योगेंद्र म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "नक्की येतोय. आजच कारखान्यात राजीनामा लिहून देतो."

"वा वा! बहुत अच्छा, मास्तर!" सर पलीकडून ओरडतच बोलत होते, ढोल त्यांनाही ऐकू जात असावा. "अहो, इथे एक घर आहे बघा शाळेजवळ, पण लहान आहे. दुसरं मोठं आहे, जरा लांब पडेल. कोणतं सांगू मालकाला? माणसं किती तुम्ही?"

योगेंद्रनं आईकडे पाहिलं. ती काठ पिळून उठली होती आणि परत आलेल्या श्रीकांतच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी चढत होती.

"दोघं," तो म्हणाला. "लहान चालेल."